खाडीत कयाक? आधी तिथी बघा!

मुलांना घेऊन शनिवार-रविवार कयाकिंगला निघताय? भाईंदरच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा भरतं, दोनदा ओसरतं. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मला फार आवडतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ चे ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती! अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी. नवशिक्या कुटुंबाला हेच दिवस उत्तम. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळाच. ओहोटीत तिवरांच्या कडेला होडी चिखलात रुतते, मधल्या धारेत समुद्राकडे ओढली जाते. सोबत जाणकार हवाच. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही. दुसऱ्या दिवशी घोडबंदरचा किल्ला बघा. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. पावसाळ्यात मात्र खाडीचा बेत नको.