पासष्ट दिवसांचा उशीर

लेनिन वारले २१ जानेवारी १९२४ ला, संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी. त्यांचा देह कायमचा टिकवायचं काम हाती घेतलं गेलं २६ मार्चला. मध्ये गेले पासष्ट दिवस. त्या पासष्ट दिवसांचं बिल रशिया शंभर वर्षांनंतरही भरतो आहे.

उशीर झाला, कारण देह कायमचा ठेवायचा हे सुरुवातीला ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक अलेक्सेई अब्रिकोसोव यांनी शवविच्छेदन केलं आणि फॉर्मॅलिन, अल्कोहोल, ग्लिसरीन वगैरेंचं मिश्रण महाधमनीतून सोडलं. अंत्यदर्शनापुरता देह टिकला की झालं, एवढाच हेतू. बाहेर उणे २५-३० अंशांची थंडी होती, म्हणजे निम्मं काम हवामानच करत होतं. मॉस्कोच्या हाउस ऑफ युनियन्समध्ये चार दिवसांत पाच लाखांच्या घरात माणसं शवपेटीसमोरून गेली असं सांगतात. रांग रात्रंदिवस चालू होती असं धरलं, तर मिनिटाला ८५ ते ९० माणसं. श्रद्धांजलीच्या वाट्याला सेकंदही येत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट होऊन गेली होती. शवविच्छेदनात मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या होत्या. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, पण पुढचं सगळं गणित याच कापण्याने बिघडवलं. ते कसं, हे कळायला आधी कुजण्याचे आकडे बघावे लागतात.

जिवंत माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब २०१६ मध्ये संशोधकांनी मांडला. माणसाच्या स्वतःच्या पेशी भरतात ३० लाख कोटी. म्हणजे मतदान घेतलं तर आपण आपल्याच शरीरात अल्पमतात आहोत. हे जीवाणू बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपण जिवंत असेपर्यंत त्यांना तिथे डांबून ठेवलेलं असतं. हृदय थांबलं की पहारा उठतो.

त्यांच्यातला सगळ्यात घाईचा म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. ऑक्सिजन संपलेल्या उबदार मांसात तो मनासारखं मिळालं तर दहा-एक मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून सुरुवात करा. तासाला सहा दुपटी, चार तासांत चोवीस. एकाचे होतात १,६७,७७,२१६. आणखी चार तास द्या, आकडा २८१ लाख कोटींच्या पुढे जातो. अर्थात हे कागदावरचं. प्रत्यक्षात खाणं संपतं, आम्ल वाढतं, गर्दीच गर्दीला मारते. पण शव फुगतं, त्वचेखाली हात लावला तर कुरकुरतं, ते याच जीवाणूच्या वायूने. एम्बाल्मिंग करणारे, म्हणजे शव औषधाने टिकवणारे, त्याला 'टिश्यू गॅस' म्हणतात आणि त्याला टरकून असतात, कारण एका देहावर वापरलेली सुई नीट निर्जंतुक न करता दुसऱ्याला लावली तर तोही फुगायला लागतो.

आता या दुपटीला थांबवणाऱ्या औषधाची चाल बघा. फॉर्मॅलिनमधलं फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. बांधलेलं प्रथिन जीवाणूला पचत नाही. औषध नामी आहे, फक्त ते तिथवर पोचलं पाहिजे. द्रवात रसायन पसरतं ते अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने: दुप्पट खोल जायला चौपट वेळ, दहापट खोल जायला शंभरपट.

इथेच रक्तवाहिन्यांची किंमत कळते. शाळेच्या पुस्तकात माणसाच्या रक्तवाहिन्यांची लांबी एक लाख किलोमीटर दिलेली असते. तो आकडा फुगवलेला आहे. नवे अंदाज दहा-वीस हजार किलोमीटरच्या आसपास आहेत. पण तेवढ्या जाळ्यामुळे शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. धमनीतून औषध सोडलं की उरलेलं ०.१ मिलिमीटर त्याला स्वतःहून झिरपायचं असतं. साध्या पाण्यातला हिशेब लावला तर त्याला पाचेक सेकंद लागतात.

वाहिन्या कापलेल्या असतील तर औषध कातडीतून आत जायला हवं. मांडीत पाच सेंटीमीटर खोल जायचं म्हणजे ५०० पट अंतर. वर्ग केला की २,५०,००० पट वेळ. पाच सेकंदांचे होतात साडेबारा लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. आणि हे पाण्यात. मांसात औषध वाटेतच प्रथिनांना चिकटत जातं, त्यामुळे आणखी उशीर. एकीकडे दहा मिनिटांत दुप्पट होणारा शत्रू आणि दुसरीकडे पाच सेंटीमीटरला पंधरवडा लावणारं सैन्य. कुजायला लागलेल्या देहाचं एम्बाल्मिंग अवघड का, याचं उत्तर एवढ्यात आलं.

अशा देहावर काम करणाऱ्यांच्या युक्त्याही याच हिशेबातून आलेल्या आहेत. ताज्या देहाला एका धमनीतून द्रव सोडला तरी भागतं. कुजायला लागलेल्या देहात रक्ताच्या गाठींनी वाटा बुजलेल्या असतात, वाहिन्यांच्या भिंती सुटलेल्या असतात, त्यामुळे मानेच्या दोन्ही बाजू, दोन्ही काखा आणि दोन्ही जांघा अशा सहा ठिकाणांहून द्रव सोडतात. द्रव जास्त कडक, पण मात्रा थोडी थोडी, कारण फुटक्या वाहिनीतून तो नको तिथे साचून चेहरा सुजवतो. जिथे धमनीने पोचत नाही तिथे लांब सुईने, वर औषधात भिजवलेल्या कापसाच्या घड्या, पोटाच्या पोकळीत वेगळा तीव्र द्रव. तरीही देह ओळखू येईल इतपत सावरला, तर काम फत्ते म्हणतात.

जास्त औषध म्हणजे जास्त खात्री, असंही नसतं. चीनचे माओ ९ सप्टेंबर १९७६ ला वारले. देह ताजा होता, डॉक्टरांची फौज हजर होती, पण कायमचं एम्बाल्मिंग त्यांच्यापैकी कुणी केलेलं नव्हतं. माओंचे डॉक्टर ली झिसुई यांनी आठवणींत लिहिलं आहे की ठरलेल्या १६ लिटरऐवजी भीतीपोटी २२ लिटर फॉर्मॅल्डिहाइड चढवलं गेलं. चेहरा चेंडूसारखा फुगला, मान डोक्याइतकी रुंद झाली, कातडीतून द्रव घामासारखा पाझरू लागला. मग टॉवेल घेऊन चेहरा तासन्‌तास चोळत द्रव खाली छातीकडे ढकलावा लागला. सहा लिटरची खबरदारी अशी अंगाशी आली.

इकडे मॉस्कोत १९२४ चा मार्च उजाडला तसा पारा चढू लागला. लेनिनच्या त्वचेवर काळपट डाग आले, डोळे खोल गेले. बोल्शेविक नेते लिओनिद क्रासिन यांचा आग्रह होता की देह गोठवून ठेवावा. जर्मनीहून यंत्रं आणायचीही तयारी चालली होती. बोरिस झ्बार्स्की या रसायनशास्त्रज्ञाने उलट बाजू लावून धरली आणि खारकीवचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक व्लादिमीर वोरोब्योव यांना पुढे केलं. वोरोब्योव यांच्या विभागात वर्षानुवर्षं टिकलेले नमुने होते, पण ते हात घालायला तयार नव्हते. क्रांतीनंतरच्या यादवीत ते देश सोडून बल्गेरियात गेले होते आणि नुकतेच परतले होते. अशा माणसाच्या हातून लेनिनचा देह बिघडला तर पुढे काय होईल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी त्यांनी काम घेतलं. वाहिन्यांची वाट बंद, म्हणून त्यांनी अंतरच कमी केलं: त्वचेला, स्नायूंना ठिकठिकाणी छेद दिले, म्हणजे औषधाला आत जायला नव्या वाटा. आधी फॉर्मॅलिन, मग त्वचा सैल आणि झिरपती व्हावी म्हणून अल्कोहोल, मग ग्लिसरीन. डागांवर ॲसिटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. खोल गेलेल्या डोळ्यांच्या जागी कृत्रिम डोळे, ओठांना आतून टाके.

शेवटचं स्नान मात्र बघण्यासारखं होतं. २४० लिटर ग्लिसरीन, ११० किलो पोटॅशियम ॲसिटेट, १५० लिटर पाणी आणि जंतू वाढू नयेत म्हणून एक-दोन टक्के क्विनाइन. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे पंधरा लिटरचे तेलाचे डबे डोळ्यांपुढे आणा. नुसत्या ग्लिसरीनचेच सोळा डबे. सगळ्याचं वजन साडेपाचशे किलोंच्या पुढे, म्हणजे आठ-नऊ माणसांच्या वजनाएवढं रसायन एका माणसासाठी. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं पाचेक लिटर.

या स्नानातली खुबी अशी की पाणी काढून टाकायचं नाही, धरून ठेवायचं. इजिप्तच्या ममीत पाणी काढून टाकलेलं असतं, म्हणून ती लाकडासारखी वाळते. ग्लिसरीन आणि पोटॅशियम ॲसिटेट पाणी इतकं घट्ट धरतात की ते जीवाणूला वापरता येत नाही, पण मांस मऊ राहतं, सांधे वाकतात. हवेतली आर्द्रता ठरावीक ठेवली की देह ना वाळत, ना ओला होत. चार महिने काम चाललं आणि १ ऑगस्ट १९२४ ला समाधी लोकांसाठी खुली झाली.

तिथे काम संपलं नाही. देह १६ अंश सेल्सियस आणि ८०-९० टक्के आर्द्रतेत ठेवायचा, आठवड्यातून दोनदा तपासायचा आणि साधारण दीड वर्षाने पुन्हा महिना-दीड महिना रसायनात बुडवायचा. दीड वर्षाचा हा हिशेब धरला तर शंभर वर्षांत साठाहून अधिक स्नानं. जुलै १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोकडे सरकू लागलं तेव्हा हा देह आगगाडीने सुमारे दोन हजार किलोमीटरवर ट्युमेनला हलवला आणि १९४५ मध्ये परत आणला. युद्धातही देखभाल थांबवता येत नव्हती. या देखभालीसाठी असलेल्या प्रयोगशाळेच्या ऐन भरात तिथे दोनशेच्या घरात माणसं होती. बल्गेरियाचे दिमित्रोव, स्टालिन, हो चि मिन्ह, किम इल सुंग असे एकेक देह याच प्रयोगशाळेच्या हातून गेले. चेकोस्लोव्हाकियाच्या गॉटवाल्ड यांना मात्र नऊ वर्षांनी दहन मिळालं आणि स्टालिनला आठ वर्षांनी बाहेर काढून पुरलं. राजकारण बदललं की सगळ्यात टिकाऊ ग्लिसरीनही कामाला येत नाही. खुद्द झ्बार्स्की १९५२ मध्ये तुरुंगात गेले. २०१६ मध्ये रशियन सरकारने लेनिनच्या देहावरचा वर्षाचा खर्च जाहीर केला: १ कोटी ३० लाख रूबल.

हा खर्च सार्थकी लागतो का, यावर रशियातच एकमत नाही. मला स्वतःला तो विज्ञानाला मिळालेला धडा म्हणून मोलाचा आणि माणसाला दिलेला मान म्हणून विचित्र वाटतो.

आपल्याकडे एम्बाल्मिंगशी गाठ पडते ती दोन वेळा: परदेशातून किंवा परगावी विमानाने पार्थिव न्यायचं असतं तेव्हा, आणि देहदानात. वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग दान आलेला देह धमनीतूनच औषध सोडून टिकवतो. त्यामुळे शवविच्छेदन झालेला देह आणि कुजायला लागलेला देह सहसा स्वीकारला जात नाही. लेनिनच्या देहात हीच दोन्ही कारणं एकत्र आली होती, आणि साडेपाचशे किलो रसायन ओतायला आपल्या महाविद्यालयांकडे सरकारी तिजोरी नाही. त्यात मॉस्कोची थंडीही आपल्या बाजूने नाही. दर दहा अंशांना क्रिया साधारण दुप्पट होते हा ढोबळ नियम धरला, तर मे महिन्यातल्या नागपूरचे ४० अंश म्हणजे शून्य अंशाच्या सोळापट वेग.

तेव्हा देहदानाचा अर्ज भरला असेल तर तो कपाटात कुलूपबंद ठेवू नका. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फोन नंबर घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा, आणि परगावचे नातेवाईक येईपर्यंत थांबायचं की नाही, हे घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांगून टाका.