पंचाहत्तर यार्डांची पुंजी

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू पायानं कमी आणि हातानं जास्त खेळला जातो. ‘क्वार्टरबॅक’ हा या खेळातला सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. फेकायचा, सोपवायचा की घेऊन पळायचं, हे क्षणात त्यानंच ठरवायचं. तिथं कॉलेजच्या पोरांचा सामना पाहायलाही पाऊण लाख माणसं सहज जमतात!

टॉमी फ्रेझर हा नेब्रास्का विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९९४ च्या हंगामात त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि बहुतेक सामने हुकले. तरीही १ जानेवारी १९९५ ला तो ऑरेंज बाउलमध्ये उतरला. नेब्रास्कानं मायामीला २४-१७ असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. वर्षभरानं, २ जानेवारी १९९६ ला, फिएस्टा बाउलमध्ये फ्लोरिडाविरुद्ध त्यानं प्रतिस्पर्ध्यांच्या गराड्यातून स्वतःला सोडवत ७५ यार्डांची धाव घेतली. नेब्रास्का ६२-२४ असा जिंकला. लागोपाठ दुसरं विजेतेपद!

आणि पुढं? त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा फ्रेझरला कुणीही घेतलं नाही. गुठळ्यांचा इतिहास आडवा आला. कॅनडात माँट्रियलच्या संघातून तो थोडं खेळला, आणि संपलं.

वाचकहो, बँकेत हयात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट जमा-खर्चात मांडून पाहायची मला खोड आहे. विद्यापीठाच्या बाजूला तिकिटं, टीव्हीचे पैसे, कीर्ती. पोराच्या बाजूला फीमाफी, राहणं, जेवण. पगार नाही, कारण तो ‘हौशी’! कर्ज देताना आम्ही तारण मागायचो. इथं तारण होतं पोराचं शरीर, आणि बुडण्याची जोखीमही त्याचीच.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरची बंधनं एकमतानं बेकायदा ठरवली. त्याच वर्षी त्यांना स्वतःच्या नावावर, छबीवर कमावायची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ शकतात. फ्रेझरला मात्र २०१३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या यादीत स्थान मिळालं, एवढंच.

आपल्या घरातलं एखादं पोर मैदानावर जीव तोडून धावतं, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण त्याचा पाय उद्या दगावला तर त्याच्या खात्यात काय उरेल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आजच विचारावं.