सीमाभिंत किती उंच असावी?

पुणे, प्रतिनिधी

बंगल्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्या विषयावरून हमखास खडाजंगी होते, त्यात सीमाभिंतीच्या उंचीचा क्रमांक बराच वरचा आहे. घरफोडीच्या धास्तीने एक सभासद भिंत दोन फुटांनी वाढवतो. आपला उजेड अडला म्हणून शेजारी हरकत घेतो, तर वळणावर समोरचे वाहन दिसत नाही अशी तिसऱ्याची तक्रार असते. ‘माझ्या जागेत मी किती उंच भिंत बांधावी, हे महापालिकेने का सांगावे,’ हा प्रश्न मग विचारला जातोच. त्याचे उत्तर नियमातच आहे. उंचीवर मर्यादा घालताना नियमाने खरी चिंता वाहिली आहे ती रस्त्यावरून आरपार दिसण्याची.

नियम काय सांगतो?

मुंबई महापालिकेचे क्षेत्र आणि काही विशेष नियोजन प्राधिकरणे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार, प्राधिकरणाची विशेष परवानगी नसेल तर सीमाभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर, म्हणजे सुमारे ५ फूट असू शकते. ती २.४ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ८ फुटांपर्यंत नेता येते. मात्र त्यासाठी वरचा ०.९ मीटरचा भाग जाळी वा ग्रिलसारखा खुला असावा लागतो. शाळा, रुग्णालये, कारखाने, वीज उपकेंद्रे आदींना २.४ मीटर उंचीची परवानगी मिळू शकते. तुरुंगांना ही बंधने लागू नाहीत. फाटक पूर्णपणे आतल्या बाजूस उघडावे, रस्त्यावर येऊ नये, अशीही तरतूद आहे.

याचा अर्थ, सुरक्षिततेसाठी ८ फुटांचे कुंपण हवे असेल तर नियम आड येत नाही. प्रत्यक्षात अडचण निर्माण होते ती पुढच्या टप्प्यावर. ग्रिल बसते आणि काही महिन्यांत तिच्यावर फायबरचा पत्रा, हिरवी जाळी किंवा बांबूची ताटी चढते. कागदोपत्री खुला असलेला भाग अशा रीतीने बंद होतो आणि नियमाचा हेतूच संपतो.

कोपऱ्यावर अडीच फूटच का?

चौकातील भूखंडासाठी नियम अधिक कडक आहे. तेथे दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना, कोपऱ्यापासून १० मीटर लांबीपर्यंत पक्की भिंत ०.७५ मीटरपेक्षा, म्हणजे अडीच फुटांपेक्षा उंच नसावी. त्यावर हवी तर आणखी ०.७५ मीटरची खुली जाळी बसवता येते.

या आकड्यांमागे साधा हिशेब आहे. रस्त्यांचे आराखडे करताना मोटारचालकाच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून १.२ मीटर धरली जाते. अडीच फुटांच्या भिंतीवरून त्याची नजर पलीकडे पोचते. पाच फुटांच्या भिंतीवरून पोचत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल तर पाच फुटी भिंतीमागे पूर्णपणे झाकले जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन १० मीटर अंतर अवघ्या १.२ सेकंदांत कापते. ब्रेक लावायला एवढाच अवधी असताना ते मूल आधी दिसणे किंवा न दिसणे, यावर सारे अवलंबून असते.

उंच भिंतीने चोरी टळते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. भिंत ओलांडून आत गेलेला माणूस रस्त्यावरून कुणाला दिसत नसेल तर ती भिंत त्याच्याच सोयीची ठरते. रहिवाशांची रस्त्यावर असलेली नजर हीच खरी राखण, असा विचार नगररचनेच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडला होता. जाळीच्या कुंपणामागे तोच विचार आहे.

रस्ता वाढतो, भिंत वाढते

नागरिकांच्या एका गाऱ्हाण्यात मात्र तथ्य आहे. जुना थर न खरवडता डांबरीकरण होत गेले की रस्ता उंचावतो आणि घर खाली जाते. रस्ता एक फुटाने वाढला तर पाच फुटांची भिंत बाहेरून चार फुटांची उरते. उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची असल्याने ती वाढवण्यास नियमाची हरकत नसते. धोका असतो तो पायाचा. जुना पाया मूळच्या उंचीसाठी घातलेला असतो. भिंत १.५ मीटरची २.४ मीटर केली की वाऱ्यामुळे तिला उलथवू पाहणारा जोर सुमारे अडीचपट होतो. पाठीमागे पूर्ण उंचीपर्यंत मातीचा भराव असेल तर हाच जोर चौपट होतो आणि पावसाळ्यात पाणी साचल्यास त्याहूनही वाढतो.

उताराच्या जागेत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आतून पाच फुटी दिसणारी भिंत खालच्या बाजूने बारा फूटही असू शकते. कोंढव्यात २९ जून २०१९ रोजी सोसायटीची भिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावातही भिंत पडून सहा जण दगावले. दोन्ही ठिकाणी मृत्यू झाला तो भिंतीपलीकडे राहणाऱ्यांचा.

दाद कोठे मागावी?

नियमबाह्य उंचीची तक्रार महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे करावी. विनापरवाना बांधकामाला नोटीस देण्याचा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ नुसार आहे. उजेड-वारा अडल्याचा वाद दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार इमारतीला २० वर्षे अखंड मिळालेल्या उजेडावर व हवेवर हक्क सांगता येतो. मोकळ्या बागेसाठी वा दृश्यासाठी नाही.

भिंत वाढवण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून पाया तपासून घेणे, भरावाच्या भिंतीतील पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि वरचा भाग जाळीचाच राखणे, एवढी पथ्ये पाळली तर बहुतेक वाद उद्भवणारच नाहीत. मात्र कोपऱ्यावरच्या १० मीटरबाबत सोसायटीने आपसांत तडजोड करू नये. तेथील मोकळी दृष्टी कुणा एका घराची नसून रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाची आहे.