१६० किलोमीटरनंतरची बाटली

परभणीहून निघून नांदेड गाठायचे, तिथून परत परभणीला यायचे आणि आल्यावर आणखी थोडी रपेट करायची, तीही एकाच दिवसात, एकाच घोड्यावर. दमसासाच्या घोडदौडीचा, म्हणजे एन्ड्युरन्स रायडिंगचा, सर्वांत लांब पल्ला इतका असतो: १६० किलोमीटर. १९५५ साली कॅलिफोर्नियात शंभर मैलांची टेव्हिस कप दौड पहिल्यांदा झाली आणि या खेळाला आजचे रूप येऊ लागले.

इथे नुसता पहिला येऊन घोडा जिंकत नाही. वाट फेऱ्यांमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक फेरीनंतर घोडा पशुवैद्यकांपुढे उभा करावा लागतो. विसाव्याला घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते. दौडून आल्यावर ठरलेल्या मिनिटांत ते ६४ पर्यंत उतरले नाही, तर घोडा बाद. डॉक्टर हिरडी दाबून रंग किती लवकर परततो ते पाहतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात आणि शेवटी दुडकी चाल चालवून लंगड आहे का ते बघतात. शेवटची रेषा ओलांडल्यावरही हे सगळे पुन्हा होते. पहिला आलेला घोडा या तपासणीत लंगडला, तर त्याचा नंबर जातो. जनावराचा इतका विचार करणारे नियम फार थोड्या खेळांत असतील.

तरीही हाताला आणि डोळ्याला सगळे कळत नाही. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिले, की पायाला सूज असलेला घोडाही सरळ चालतो. दुखापत तिथेच असते, ती सांगणारी वेदना तेवढी गप्प केलेली असते. त्याच पायावर पुढचे तीस-चाळीस किलोमीटर भार पडतो आणि हाड मोडू शकते. ज्या जिवाला ‘मला आता धावायचे नाही’ हे लंगडूनच सांगता येते, त्याचे तेवढे सांगणेही औषधाने काढून घ्यायचे, याला मी फसवणूक म्हणत नाही, क्रौर्य म्हणतो. म्हणून तपासणीच्या पुढे नमुन्याची बाटली येते.

नमुना घेणे हे धीराचे काम आहे. निवडलेल्या घोड्याची मायक्रोचिप वाचून ओळख पटवतात आणि त्याला शांत, कोरड्या गवताने भरलेल्या ठाणात नेतात. लांब दांडीला भांडे लावून एक जण उभा राहतो आणि हलकी शीळ घालत वाट पाहतो. शीळ ऐकून, पायाखाली मऊ गवत लागून पुष्कळ घोडे लघवी करतात. थकून, घामाने पाणी गमावून आलेला घोडा मात्र ताटकळत ठेवतो. ठरलेल्या वेळेत लघवी मिळाली नाही, तर मानेच्या शिरेतून रक्त घेतात. नमुना दोन भागांत जातो, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हींना क्रमांकाचे सील, घोड्याच्या माणसासमोर आणि त्याच्या सहीने. प्रयोगशाळेला घोड्याचे नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. ‘अ’मध्ये काही सापडले, तर ‘ब’ तपासून घेण्याचा हक्क संबंधितांना असतो. तिथली यंत्रे, क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, ग्रॅमचा अब्जावा भागही पकडतात.

काय पकडायचे, ते १९२१ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ ठरवतो. त्याच्या याद्या दोन. एकीत घोड्याच्या अंगात कधीच सापडू नयेत अशी द्रव्ये, दुसरीत उपचाराची साधी औषधे, जी स्पर्धेच्या वेळी मात्र रक्तात नकोत. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. आजारी घोड्याला औषध द्यायलाच हवे, पण औषध अंगात असेपर्यंत त्याने घरी विश्रांती घ्यावी.

२००८ च्या ऑलिम्पिकमध्ये हाँगकाँगला उड्यांच्या स्पर्धेत नॉर्वेच्या कामिरो या घोड्याच्या नमुन्यात कॅप्सेसिन निघाले. आपल्या मिरचीला तिखटपणा देणारे हेच द्रव्य. पायाला चोळले तर कातडी इतकी हुळहुळी होते, की आडव्या दांडीला खूर लागू नये म्हणून घोडा पाय वर ओढतो. वेदनाशामक मलमांतही ते असते. नॉर्वेचे सांघिक कांस्यपदक गेले. पुढच्याच वर्षी दमसासाच्या दौडीत ताहान या घोड्याच्या नमुन्यात ग्वानाबेन्झ हे औषध आणि स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडले. स्वार होते दुबईचे शासक शेख महंमद बिन रशीद अल मक्तूम. त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी स्वाराची, मग ते कोणीही दिलेले असो, हा नियम राजालाही लागू झाला.

नियम कठोर आहे आणि त्यात निरपराधही सापडू शकतो. वैरणीत धोतरा आला, तर घोड्याच्या लघवीत अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन उतरते. परभणीच्या बांधावर, उकिरड्यावर धोतरा वाढतो. गवत कापताना तो सहज पेंढीत जातो. म्हणून जाणते लोक चंदी आणि वैरण निवडून घेतात.

परभणी जिल्ह्यात धावतात ते मुख्यतः बैल. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पण आपल्या गावांचा जीव शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. नियमांनुसार धावपट्टी १००० मीटरच्या आत हवी, बैल पशुवैद्यकाने तपासलेले हवेत आणि त्यांना उत्तेजक किंवा मादक द्रव्य द्यायचे नाही. यातले अंतर टेपने मोजता येते. उत्तेजक डोळ्यांनी मोजता येत नाही. खोंडाला दारू पाजली की नाही, सुई टोचली की नाही, हे तो सांगणार नाही, त्याची लघवी सांगेल.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना घेणारे हात इथेच तयार होतात. जिल्ह्यातल्या पटाच्या आयोजकांना माझी विनंती आहे: बक्षिसाच्या रकमेतून थोडा भाग बाजूला काढा, पहिल्या तीन जोड्यांचे नमुने पंचांसमोर सील करून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत बक्षीस राखून ठेवा. बैलाच्या मालकांनीही ही मागणी स्वतः करावी. ज्याची जोडी खरी आहे, त्याचे यात काहीच जाणार नाही.