करडांचा न्यूमोनिया आणि प्रयोगशाळेतील उंदीर

ओझर परिसरात कुकडीच्या काठी पावसाळी गारठा सुरू झाला की ओलसर गोठ्यातील करडांना खोकला व धाप लागते. पुष्कळदा तो फुप्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया असतो. अशा वेळी घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी पाण्यातून पाजण्याचा मोह पशुपालकास होतो. ती फुप्फुसात पोचून तेथे काम करील काय, हा विचार सहसा होत नाही. प्रयोगशाळेत मात्र प्रथम त्याचीच परीक्षा घेतात.

उंदरांना किंचित गुंगी देऊन त्यांच्या नाकात रोगजंतूंचे थेंब सोडतात. काहींना औषध टोचतात, काहींना नुसते मिठाचे पाणी. ठरलेल्या मुदतीनंतर फुप्फुसे काढून, वाटून, त्यांतील जिवंत जंतू बशीत वाढवून मोजतात. एवढा खटाटोप कशासाठी? डॅप्टोमायसीन नावाचे औषध बशीतील न्यूमोनियाचे जंतू सहज मारते. परंतु फुप्फुसाच्या वायुकोशांना आतून जो स्निग्ध लेप असतो, त्यात ते अडकून निष्प्रभ होते. उंदरांवरील प्रयोगांसह हे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी न्यूमोनियाच्या रुग्णांवरील चाचणीत ते औषध उणे ठरले होते.

पेनिसिलीनची हकीकत आणखी बोधक आहे. आपल्याच जिल्ह्यात पिंपरी येथे १९५५ पासून ते तयार होऊ लागले. त्याआधी, २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे आठ उंदरांना घातक जंतू टोचले गेले. पैकी चारांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार जिवंत होते, बाकीचे चार मेलेले. पुढे १९४३ साली असे आढळले की गिनिपिग हा प्राणी मात्र पेनिसिलीननेच दगावतो, कारण त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू नष्ट होऊन घातक जंतू माजतात. पहिली परीक्षा गिनिपिगांवर झाली असती, तर हे औषध कदाचित टाकूनच दिले गेले असते!

रवंथ करणाऱ्या शेळीचे पोटही असेच जंतूंच्या आधारावर चारा पचविते. मोठ्या शेळीस तोंडावाटे प्रतिजैविक पाजल्यास हे जंतू मरतात, रवंथ थांबते व खाणे सुटते. म्हणून धाप, ताप व नाकातून घट्ट शेंबूड दिसताच जनावर कोरड्या जागी बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. औषधाचे प्रमाण वजनावरून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. दोन दिवसांत खोकला थांबला तरी सांगितलेली इंजेक्शने पुरी करावीत; अन्यथा उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात. औषधानंतर किती दिवस दूध विकू नये, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.