गोणीचा धागा कापसाचा भाव पाडतो



मुंबईत लोअर परळला आज मोठा मॉल आहे, तिथे पूर्वी फिनिक्स मिल होती. अशा गिरण्यांना आपला कापूस लागायचा. त्याचं सूत कसं निघेल, हे व्यापारी नजरेने आणि तंतू ओढून ठरवत. १९२४ मध्ये जवळच माटुंग्याला प्रयोगशाळा निघाली. तिथे नमुन्याचं सूत कातूनच प्रत तपासू लागले. तीच आजची 'सिरकॉट' संस्था.

आता गिरण्यांना मोठा त्रास आहे तो खताच्या गोणीच्या प्लॅस्टिक धाग्याचा. जिनिंगमध्ये तो बारीक तुटून रुईत मिसळतो आणि सुतात जातो. कापूस रंग धरतो, हा धागा धरत नाही. रंगवलेल्या कापडावर ठिपके दिसतात, माल परत येतो आणि शेवटी भाव आपलाच पडतो.

म्हणून वेचणीला एवढं सांभाळा:

१) दव उठल्यावरच वेचा. सीसीआय केंद्रावर ८ टक्क्यांपुढे ओलाव्याची कपात होते, १२ च्या वर खरेदी नाही.
२) खालच्या बोंडांपासून वर वेचत जा, म्हणजे पाचोळा कापसावर पडत नाही.
३) ओटी आणि गाठोडं सुती कापडाचंच. जुनं लुगडं-धोतर चालतं. गोणी, सुतळी नको.
४) डोक्याला सुती रुमाल बांधा. केस, गुटख्याची पुडी कापसात जाऊ देऊ नका.
५) कवडी कापूस वेगळा ठेवा.

हा मेसेज वेचणीला येणाऱ्या बायांनाही वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी