एका तासाच्या हजेरीचं मोल

स्वीडनमधल्या एखाद्या लहान गावात हँडबॉलचा सराव असला की प्रशिक्षक आलेल्या मुलांची हजेरी नोंदवतो. ही नोंद शिस्तीसाठी नसते, तिच्यावर क्लबचं सरकारी अनुदान ठरतं. मुलं ७ ते २५ वर्षांची हवीत, निदान तीन जण हवेत, सराव निदान साठ मिनिटांचा हवा. एवढं जुळलं की तो सराव हिशेबात धरला जातो आणि हजर मुलांच्या संख्येनुसार पैसे क्लबच्या खात्यात जमा होतात.

या नियमात काय काय विचारलेलंच नाही, ते पाहून थक्क व्हायला होतं. किती सामने जिंकले, संघ कोणत्या गटात खेळतो, कोणी राष्ट्रीय संघात गेलं का, यातलं काहीच नाही. सगळ्यात तरबेज मुलगी आणि पहिल्या सातात कधीच न येणारी मुलगी, दोघींच्या हजेरीची किंमत सारखी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी अभ्यासाच्या ओझ्याखाली खेळ सोडू पाहणारी मुलगी टिकली, तर क्लबला तिचे पैसे पंचविशीपर्यंत मिळत राहतात. सगळ्यांना खेळू द्या, असं कोणी बजावायची गरजच उरत नाही. शिवाय हे पैसे वाटायचं काम सरकारने खेळाडूंच्या क्लबांनीच उभारलेल्या शिखर संघटनेवर सोपवलंय.

अशा क्लबांत पगारी माणसं मोजकीच असतात. संघाला शिकवणारे कुणाचे तरी बाबा असतात, खजिनदार कुणाची तरी आत्या. सभासदांची वर्गणी आणि या माणसांच्या संध्याकाळी, यांवर क्लब उभा असतो. सरकारी पैसा नंतर येतो, पण तो कोणत्या वाटेने येतो यावर क्लबची चालरीत ठरत जाते.

शेजारच्या डेन्मार्कने वाट निवडली छपराची. तिथे हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो. छप्पर नसेल तर खेळ बंद. तिथल्या कायद्याप्रमाणे पालिकेने आपले रिकामे हॉल आणि मैदानं क्लबांना वापरायला द्यायची. दिवसा शाळेची असलेली व्यायामशाळा संध्याकाळी बॅडमिंटन क्लबची होते. क्लबची जागा स्वतःची किंवा भाड्याची असेल, तर २५ वर्षांखालच्या सभासदांसाठी ती चालवण्याच्या खर्चातला निदान ६५ टक्के भाग पालिका देते. आणि हा कायदा मुळात खेळाचा नाहीच! तो लोकशिक्षणाचा कायदा आहे. प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग आणि मुलांचा बॅडमिंटन क्लब, दोन्ही त्याच्याच छत्राखाली. म्हणून क्लबला लेखी नियमावली लागते, लोकशाही पद्धतीने चालणारं कार्यकारी मंडळ लागतं आणि दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. सभेत हात वर करून मत देणं हाही शिक्षणाचाच भाग, असं मानून एका देशाने शटलकॉकसाठी तिजोरी उघडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नॉर्वेत पैसा लॉटरीतून येतो. नॉर्स्क टिपिंग ही सरकारी कंपनी लॉटरी आणि खेळांवरच्या पैजा चालवते आणि तिच्या नफ्याचा सर्वांत मोठा वाटा खेळाकडे जातो. २००९ साली त्यात एक नवी तरतूद आली. पैज लावणाऱ्याने आपल्या पसंतीची एखादी स्थानिक संस्था सांगायची, की त्याने लावलेल्या रकमेचे ५ टक्के थेट त्या संस्थेला मिळणार. २०१९ मध्ये हा वाटा ७ टक्के झाला. पैज लावणाऱ्याच्या बक्षिसातून त्यासाठी काही कापलं जात नाही. सार्वजनिक पैसा, पण तो गावातल्या स्की क्लबला द्यायचा की मुलांच्या बँडला, हे तिकीट घेणारा शेजारी ठरवतो. कल्पना सुंदर आहे, पण शेजाऱ्यांनी जितका जुगार खेळावा तितकी क्लबची चंगळ, हे मला खुपतंच.

जर्मनीत कायद्याने नोंदणीकृत संस्था काढायला साधारण सात माणसं लागतात. ती लोकोपयोगी ठरली की करांत सूट मिळते. संध्याकाळी मुलांना शिकवणाऱ्याला क्लबने दिलेलं मानधनही एका मर्यादेपर्यंत करमुक्त असतं. २०२१ साली ती मर्यादा वर्षाला ३००० युरो झाली. या सवलतींत सरकार हातात काही ठेवत नाही, फक्त घ्यायचं ते सोडून देतं.

सगळ्यात विलक्षण कथा ऑस्ट्रेलियाची. देश एक, पण राज्यागणिक वाट निराळी. न्यू साउथ वेल्सने १९५६ मध्ये क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायला कायदेशीर मुभा दिली. त्या कमाईवर रग्बी लीगच्या क्लबांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, आणि यंत्रापुढे बसलेल्या माणसांचे संसारही त्यात होरपळले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र ही यंत्रं पर्थच्या एकुलत्या एका कॅसिनोबाहेर कुठेच नाहीत. तिथल्या क्लबांना पैसा दुसरीकडून उभा करावा लागतो.

व्हिक्टोरिया राज्यापुढचा पेच वेगळा होता. तंबाखू कंपन्या खेळांना पैसा पुरवत होत्या. त्यांच्या जाहिराती बंद करायच्या, तर त्यांच्यावर विसंबलेल्या संघटनांचं काय? १९८७ च्या तंबाखू कायद्याने याचं उत्तर तंबाखूतूनच काढलं. तंबाखूवर जादा आकार बसवला, त्यातून व्हिकहेल्थ नावाची संस्था उभी केली आणि तिच्या निधीतला निदान ३० टक्के भाग खेळसंस्थांना द्यायचा असं कायद्यातच लिहिलं. सिगारेटच्या नावाऐवजी धूम्रपान सोडा असं सांगणारा संदेश खेळाच्या मैदानावर आला, आणि त्याचा खर्च भागवला सिगारेट ओढणाऱ्यांच्या पैशानेच.

पुढे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तंबाखूवर असा आकार लावता येणार नाही असा निकाल दिला. उत्पन्नाचा झराच आटला, तरी व्हिक्टोरियाने संस्था मोडली नाही. तेव्हापासून तिचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होऊ लागला.